आधी वेळापत्रक, मग रूळ : स्वित्झर्लंडची वाहतूक

रूळवेडी

गेल्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे स्वित्झर्लंडमधल्या विंटरथुरला आली होती. उजवा गुडघा दुखरा, त्यामुळे प्रवास म्हटला की तिला एकच धास्ती : गाडी बदलताना धावावं लागेल. आम्ही फ्लिम्सला निघालो होतो. कूरपर्यंत रेल्वे, पुढे डोंगरात पिवळी पोस्टाची बस, मध्ये बदलायला मोजकी मिनिटं. "बस चुकली तर?" हे तिने वाटेत तीनदा विचारलं.

कूरचं बसस्थानक फलाटांच्या डोक्यावर आहे. रुळांवर स्लॅब टाकलाय आणि वर काचेचं भलंमोठं छप्पर. सरकत्या जिन्याने वर गेलो तर बस दार उघडून उभी. आमच्याच गाडीतली वीसेक माणसं चढली, एका आजोबांची स्की-काठी दारात अडकली ती सोडवली गेली, आणि बस सुटली. आई खिडकीतून खालच्या रुळांकडे बघत म्हणाली, "म्हणजे ही आपल्याच गाडीसाठी थांबली होती."

थांबली होती हे खरं. पण ती त्या चालकाची मेहेरबानी नव्हती, वेळच तशी बांधलेली होती. त्या बांधणीबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. पूर्णपणे देशाच्या हद्दीतला पहिला लोहमार्ग झुरिक ते बाडेन, १८४७ चा. पुढे खाजगी कंपन्यांनी हवे तसे मार्ग टाकले. १८९८ मध्ये लोकांनी मतदान करून मोठ्या कंपन्या सरकारने घ्याव्यात असा कौल दिला आणि १९०२ मध्ये संघराज्याची रेल्वे सुरू झाली. आज एकूण जाळं सुमारे ५,२०० किलोमीटरचं आहे आणि जवळजवळ सगळं विजेवर चालतं. या विजेमागे पहिलं महायुद्ध आहे. कोळसा बाहेरून यायचा, युद्धात तो मिळेना, गाड्या बंद पडायची वेळ आली. डोंगरातलं पाणी मात्र घरचं होतं. रेल्वेने स्वतःची जलविद्युत केंद्रं उभारली आणि १९२० पर्यंत आल्प्समधल्या गॉटहार्ड घाटाच्या चढावर विजेची इंजिनं धावू लागली.

आता मुख्य मुद्दा. रेल्वे चांगली की वाईट हे आपण बहुतेक वेळा वेगावर ठरवतो. स्वित्झर्लंडने सत्तरच्या दशकात तसाच विचार केला होता : पूर्व-पश्चिम एक नवा वेगवान मार्ग टाकायचा. त्यावर अनेक कँटन, म्हणजे इथली राज्यं, नाराज झाले. गाडी आमच्या डोक्यावरून भुर्रकन जाणार, आम्हाला काय मिळणार? त्याच काळात रेल्वेतल्या काही तरुण अभियंत्यांनी नोकरीचं काम सांभाळून वेगळी मांडणी सुरू केली. त्यांच्या गटाला 'स्पिनर-क्लब' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत वेड्यांचं मंडळ. त्यांचं म्हणणं असं की प्रवाशाला वेगापेक्षा भरवसा हवा असतो. प्रत्येक मार्गावर दर तासाला, त्याच मिनिटाला गाडी हवी आणि जंक्शनवर सगळ्या गाड्या एकमेकींना भेटायला हव्यात. मे १९८२ पासून देशभर दर तासाची गाडी आली. ६ डिसेंबर १९८७ ला 'बान २०००' या योजनेवर मतदान झालं, सुमारे ५७ टक्के लोक हो म्हणाले.

योजनेचं ब्रीद होतं : जमेल तितकं वेगात नको, लागेल तितकंच वेगात. म्हणजे आधी वेळापत्रक कागदावर मांडायचं आणि ते बसायला जिथे रूळ कमी पडतील तिथेच रूळ टाकायचे. असं उलट्या बाजूने बांधकाम करणारा दुसरा देश मला तरी पटकन आठवत नाही.

---

गोदाकाठ

छान सुरुवात! पण कागदावर आधी वेळापत्रक, हे नीट डोक्यात बसलं नाही. एखादं उदाहरण द्याल का?

---

रूळवेडी

@गोदाकाठ, झुरिक-बर्न घेऊ.

समजा बर्नमध्ये दर तासाच्या ठोक्याच्या जरा आधी सगळीकडून गाड्या येतात, माणसं या फलाटावरून त्या फलाटावर जातात आणि ठोक्यानंतर दोन-चार मिनिटांनी सगळ्या गाड्या सुटतात. झुरिकलाही तसंच. याला इथे 'गाठ' म्हणतात. आता झुरिक-बर्न प्रवास पूर्वी ६९ मिनिटांचा होता. झुरिकहून दोन वाजून दोन मिनिटांनी निघालात तर बर्नला तीन वाजून अकरा मिनिटांनी पोचणार. तोवर बर्नमधून पुढे जाणाऱ्या गाड्या सुटून गेलेल्या. म्हणजे नऊ मिनिटांसाठी पाऊण तासाहून जास्त फलाटावर बसायचं.

तेव्हा तो प्रवास एका तासाच्या आत आणायचा होता. चाळीस मिनिटांत आणण्यात काही हशील नव्हतं, कारण मग गाडी लवकर पोचून पुढच्या गाठीची वाट बघत बसली असती. म्हणून माटश्टेटन ते रोथ्रिस्ट असा फक्त ४५ किलोमीटरचा नवा मार्ग बांधला, ताशी २०० चा. कडेला सिग्नलचे खांब नाहीत, सिग्नल थेट चालकाच्या समोरच्या पडद्यावर. १२ डिसेंबर २००४ ला नवं वेळापत्रक लागलं तेव्हा झुरिक, बर्न आणि बासेल ही तिन्ही शहरं एकमेकांपासून तासाच्या आत आली होती. पहिल्या टप्प्याचा खर्च ५.९ अब्ज फ्रँक, अंदाजापेक्षा कमी.

बर्नच्या फलाटावर तासाला दोन-चार मिनिटं कमी असताना उभं राहून बघा कधीतरी. ओळीने गाड्या येतात, जिन्यांवर माणसांचा लोंढा उलटसुलट वाहतो, आणि पाच-सात मिनिटांत फलाट पुन्हा रिकामे.

---

अनुस्वार

आणि त्या फलाटावरचं घड्याळ! १९४४ मध्ये हान्स हिल्फिकर या रेल्वेच्याच अभियंत्याने केलेलं. लाल सेकंदकाटा नंतर, १९५३ मध्ये आला, गाडी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या लाल चकतीसारखा. तो काटा साठ सेकंदात फेरी पुरी करत नाही, साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदात करतो आणि वर बाराशी थबकतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा टक्कन पुढे सरकतो आणि लाल काटा पुन्हा चालू. त्यामुळे स्थानकातली सगळी घड्याळं एकाच क्षणी मिनिट बदलतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी तो थबकलेला दीड सेकंद बघण्यासाठी एक गाडी सोडून दिली होती.

---

बेलापूरकर_७

धागा आवडला, तरी एक शंका. हा देश जेमतेम ४१ हजार चौरस किलोमीटरचा, लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास आणि खिशात भरपूर पैसा. इतकं लहान आणि श्रीमंत घर नीट लावणं अवघड नाही. यात शिकण्यासारखं काय?

---

रूळवेडी

@बेलापूरकर_७, पैसा आहे, नाकारत नाही. पण तो रेल्वेकडे आपोआप वळला नाही. दरवेळी मतपेटीतून जावं लागलं. १९९२ ला आल्प्सखालच्या नव्या बोगद्यांना मंजुरी, १९९८ ला जड ट्रकवरच्या कराला आणि मोठ्या प्रकल्पांच्या निधीला, २०१४ ला रेल्वेसाठी कायमस्वरूपी निधीला. दरवेळी मतपत्रिका घरी येते, सोबत बाजूने आणि विरोधात दोन्ही मांडणारी सरकारी पुस्तिका. माझे शेजारी जेवणाच्या टेबलावर ती पुस्तिका घेऊन भांडतात.

आणि लोक नाहीही म्हणतात. झुरिकने १९६२ मध्ये भुयारी ट्रामची आणि १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजना फेटाळली. म्हणून तिथे आजही ट्राम बहुतेक रस्त्यावरच आहे, आणि उपनगरी रेल्वे १९९० मध्ये वेगळ्या मार्गाने आली. लहान देश म्हणाल तर हा लहान देश मधोमध आल्प्सने चिरलेला आहे. सपाटीवरच्या लहान देशाशी त्याची तुलना नको.

---

सह्यकडा

आल्प्सचा विषय निघालाच आहे तर गॉटहार्डवर लिहा ना सविस्तर. घाट चढणाऱ्या गाड्या माझा जिव्हाळ्याचा विषय.

---

रूळवेडी

@सह्यकडा, यावर स्वतंत्र धागा होईल, तरी लिहितेच.

पहिला बोगदा १८८२ चा, १५ किलोमीटर. ठेकेदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्याची पाहणी करताना आतच कोसळला आणि गेला, आरपार भोक पडण्याच्या काही महिने आधी. काम करणारे बहुतेक इटालियन. अपघातात दोनशेच्या आसपास मजूर मेले, आतली हवा, घाण पाणी आणि जंत यांनी खंगून नंतर मेलेले वेगळे. १८७५ मध्ये बोगद्याच्या उत्तर टोकाला, ग्योशेनेनला, मजुरांनी संप केला तेव्हा त्यांच्यावर गोळ्या चालवल्या गेल्या, चार जण ठार झाले. त्या स्थानकावर उतरले की मला आधी तेच आठवतं, बर्फाचे डोंगर नंतर.

तो बोगदा ११०० मीटरहून उंचावर आहे. तिथवर चढायला रूळ डोंगराच्या पोटात गोल फिरवले आहेत. वासेन गावचं पांढरं चर्च त्यामुळे तीनदा दिसतं : आधी वर, मग समोर, मग पायाखाली.

नवा पायथ्याचा बोगदा ५७ किलोमीटरचा, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. १ जून २०१६ ला उद्घाटन, डिसेंबरपासून नियमित गाड्या. सर्वांत उंच जागा समुद्रसपाटीपासून फक्त ५४९ मीटर, म्हणजे गाडीला चढावंच लागत नाही. काही ठिकाणी डोक्यावर दोन हजार मीटरहून जास्त खडक, आणि खडकाचं तापमान ४५ अंशांपर्यंत. हे काम करतानाही नऊ जण गेले. पुढे २०२० मध्ये चेनेरीचा १५.४ किलोमीटरचा बोगदा झाला आणि उत्तर-दक्षिण सपाट वाट पुरी झाली. पश्चिमेला ल्योचबर्गचा ३४.६ किलोमीटरचा बोगदा २००७ पासून आहेच.

आत साधारण वीस मिनिटं अंधार. डिसेंबरात एकदा उत्तरेच्या एर्स्टफेल्डकडून आत शिरलो तेव्हा बाहेर धुकं आणि चिखलमिश्रित बर्फ होता. दक्षिणेला बाहेर पडलो तर स्वच्छ ऊन, दगडी छपरांची घरं, आणि गाडीतली उद्घोषणा आधी इटालियनमध्ये. समोरच्या बाईंनी काही न बोलता कोट काढून वर ठेवला.

जुना डोंगरी मार्ग बंद केलेला नाही, ही फार मोलाची गोष्ट. १० ऑगस्ट २०२३ ला नव्या बोगद्यात मालगाडीच्या एका डब्याचं चाक तुटलं, डबे घसरले, काही किलोमीटर रूळ उखडले. बोगद्याच्या दोन नळ्यांपैकी ती एक पूर्ण दुरुस्त व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. त्या काळात कित्येक गाड्या वासेनच्या चर्चला वळसे घालत जुन्या वाटेनेच गेल्या. उशीर होई, पण दक्षिणेचा तिचिनो कँटन तुटला नाही.

---

बासेलकर

समुद्र नसलेल्या या देशाला बंदर आहे, हे आमच्या गावाचं वैशिष्ट्य कुणी सांगितलं नाही अजून. ऱ्हाइन नदीवरून रॉटरडॅमहून बार्ज, म्हणजे मालवाहू बोटी, येतात. तेल, धान्य, कंटेनर. देशाच्या आयातीचा दहाव्या हिश्श्याच्या आसपास माल असा पाण्यावरून येतो. उन्हाळ्यात नदी आटली की बार्ज अर्ध्या भरून येतात आणि भाडं वाढतं, २०१८ ला तसं झालं होतं.

आणि आमचा विमानतळ फ्रान्सच्या जमिनीवर आहे! दोन देशांनी १९४९ मध्ये करार करून चालवायला घेतला. कुंपण घातलेल्या रस्त्याने थेट बासेलला येता येतं. आमच्या नातेवाइकांपैकी एक जण चुकून फ्रान्सच्या दाराने बाहेर पडले आणि आम्ही स्विस बाजूला तासभर ताटकळलो. येणाऱ्यांनी बाणाकडे नीट लक्ष द्यावं.

---

चकली

माहिती सुंदर, पण तिकिटांचं बोला. आम्ही पाच दिवस फिरलो आणि तिकिटांचे आकडे बघून घास उतरेना.

---

रूळवेडी

@चकली, सुटं तिकीट महागच आहे. पण इथले लोक सुटं पूर्ण तिकीट क्वचित काढतात. वर्षाला दोनशे फ्रँकच्या आतलं 'हाल्बटाक्स' कार्ड बऱ्याच जणांच्या खिशात असतं, त्यावर अर्ध्या दरात तिकीट. ज्याला रोजच फिरायचंय तो सुमारे चार हजार फ्रँकचा वर्षाचा पास घेतो, त्यात रेल्वे, पिवळ्या बस, ट्राम, तळ्यातल्या बोटी बहुतेक सगळं येतं. कंपन्या अडीचशेच्या घरात आहेत, तिकीट एकच चालतं. ल्युसर्नच्या तळ्यातल्या जुन्या वाफेच्या चाकी बोटीतसुद्धा. सोबत सहा ते सोळा वर्षांचं मूल असेल तर तीस फ्रँकचं मुलांचं कार्ड घ्या, वर्षभर आई-बाबांबरोबर फुकट.

एक सावधगिरी. स्थानकांवर फाटकं नाहीत, सगळा कारभार विश्वासावर. म्हणूनच नियम कडक. माझ्याकडून एकदा फोनवरचं तिकीट गाडी हलल्यावर मिनिटभराने निघालं. तिकीट होतं, पूर्ण पैसे भरलेले होते, तरी तपासनिसाने दंड लावला. मी पत्र लिहिलं, उत्तर आलं की गाडी सुटण्याआधी तिकीट हवं. वयस्क माणसं फोनशी झटापट करताना दिसतात तेव्हा हा नियम फार निष्ठुर वाटतो मला, आणि त्यात बदल व्हावा असं मनापासून वाटतं.

---

मालवाहू

मी मालवाहतुकीत आहे, म्हणून रस्त्याची बाजू मांडतो. हमरस्त्यावर यायला ४० फ्रँकचा वर्षाचा परवाना काचेवर लावायचा, आता फोनवरूनही मिळतो. टोलनाके नाहीत. ट्रकचा हिशेब वेगळा : २००१ पासून वजन, अंतर आणि धूर यावर कर. त्यातला मोठा वाटा रेल्वेच्या बोगद्यांकडे गेला.

आणि २० फेब्रुवारी १९९४ चं मतदान. आल्प्समधून आरपार जाणारा माल रुळांवर न्यायचा आणि तिथल्या आरपार रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही, असं थेट राज्यघटनेत लिहिलं गेलं. सरकारचा विरोध असताना ५१.९ टक्क्यांनी मंजूर. २००० मध्ये आल्प्स ओलांडणारे ट्रक वर्षाला १४ लाख होते. आज नऊ ते दहा लाखांच्या दरम्यान आहेत. कायद्यातलं उद्दिष्ट साडेसहा लाखांचं, ते अजून गाठलेलं नाही. मुख्य अडचण सीमेपलीकडे : ऱ्हाइनच्या खोऱ्यातला जर्मनीचा जोडमार्ग वर्षानुवर्षं रखडलेला. बोगदे तयार, पण तिथवर येणारी वाट अरुंद.

कोकण रेल्वेवर कोलाडला ट्रक थेट गाडीवर चढवतात, १९९९ पासून. तशीच सेवा इथून, जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोवारापर्यंत, चालायची, चालक त्याच गाडीत झोपायचा. २०२५ च्या अखेरीस ती बंद करायचं ठरलं. मी तिच्यावरून माल पाठवलाय, त्यामुळे वाईट वाटलं.

---

रूळवेडी

@मालवाहू, अगदी नेमकं. पुस्ती जोडते : गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा १९८० चा, १६.९ किलोमीटर, एकाच नळीत समोरासमोर वाहतूक. ऑक्टोबर २००१ मध्ये दोन ट्रक धडकून आग लागली, ११ जण गेले. आता दुसरी नळी खणताहेत, पण दोन्हीत मिळून प्रत्येक दिशेला एकच मार्गिका राहील, कारण १९९४ चं ते कलम. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हमरस्ते रुंद करायचे सहा प्रकल्प लोकांनी ५२.७ टक्क्यांनी फेटाळले.

---

उंबरठा

माझा नवरा चाकाच्या खुर्चीत आहे, म्हणून दुसरी बाजू सांगते. अपंगांसाठीचा कायदा २००४ पासून लागू झाला, स्थानकं सोयीची करायला वीस वर्षं दिली, मुदत २०२३ अखेर संपली. अजूनही शेकडो स्थानकांवर फलाट बुटके आहेत, पायरी चढल्याशिवाय गाडीत जाता येत नाही. आम्ही निघायच्या आधी नकाशात बघतो कुठे मदत मागावी लागेल. मिनिटाची शिस्त पाळणाऱ्या देशाला वीस वर्षांची तारीख पाळता आली नाही, हे टोचतं. जिथे झालंय तिथे मात्र फलाट आणि गाडीची फळी इतकी समपातळीत की आम्ही दोघं न बोलता आत जातो.

---

रूळवेडी

@उंबरठा, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आईच्या गुडघ्याच्या निमित्ताने मलाही बुटके फलाट दिसायला लागले. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं.

---

खंडाळ्याचा घाट

ताई, तुम्ही विंटरथुरला राहता म्हणून लिहितोय. माझे वडील कल्याणच्या इंजिन शेडला होते. घाटात मालगाड्या ओढायला आणि मागून रेटायला जी जुनी विजेची इंजिनं होती, मधे केबिन आणि दोन्हीकडे लांब सोंडा, त्यांना सगळे 'खेकडा' म्हणत. १९२८ च्या सुमारास आली. पहिली काही तुमच्या विंटरथुरच्या कारखान्यातली, बाकीची त्याच आराखड्यावर इंग्लंडात बांधलेली. गॉटहार्डला जी 'मगर' म्हणून ओळखली जातात त्यांची ही सख्खी भावंडं. अंग तीन भागांत जोडलेलं, म्हणून वळणावर वळायचं. चाकांना बाहेरून दांडे, ते फिरताना दिसायचे. उभं असताना कण्हल्यासारखा आवाज यायचा, आम्ही पोरं घाबरायचो. साठेक वर्षं काम केलं त्यांनी. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे.

तो कारखाना अजून आहे का?

---

सह्यकडा

वा काका! उटीच्या दातेरी गाडीची वाफेची इंजिनंही तिथलीच ना?

---

खंडाळ्याचा घाट

हो, त्यातली जुनी इंजिनं विंटरथुरचीच.

---

रूळवेडी

काका, वाचून अंगावर काटा आला. कारखाना बंद झाला. जागा स्थानकाच्या अगदी जवळ आहे, तिथे आता नवी वस्ती उभी राहतेय आणि तिला नाव दिलंय 'लोकश्टाट', म्हणजे इंजिननगर. काही जुन्या विटांच्या शेड राखल्या आहेत. मी रोज कामाला जाताना त्यांच्या शेजारून सायकलने जाते, आणि इथून निघालेलं इंजिन कर्जत-खंडाळ्याला चढत होतं हे मला आज कळलं.

शनिवारी जाऊन फोटो काढते आणि इथेच टाकते. वडिलांचा शेडमधला एखादा फोटो असेल तर तुम्हीही टाका.

---

खंडाळ्याचा घाट

एक आहे. खेकड्याच्या सोंडेवर हात ठेवून उभे आहेत. भावाकडे पुण्याला आहे, मागवतो.